वखारीमागची माती

मार्गशीर्ष निम्मा सरला की आमच्या पेठेतल्या तालमीत कुस्तीच्या हौद्याची माती बदलतात. जुनी उपसून काढतात, नवी तांबडी माती गाडीनं आणतात आणि तिच्यात घागरीनं ताक ओततात, गोडंतेल घालतात, हळद आणि काव कालवतात, लिंबं पिळतात. त्याचा जो वास सुटतो तो थेट गल्लीच्या तोंडापर्यंत येतो. लोक म्हणतात, थंडी पडली. मी त्या दिवसापासून दुसऱ्या गल्लीनं दुकानाला जायला लागतो. ती वाट लांबची, वर मध्ये एक उघडं गटार आहे, आणि माझ्यासारख्या देहानं गटार ओलांडायचं म्हणजे एक समारंभच असतो. तरी जातो. बायकोही आताशा विचारत नाही.

परवा मात्र चुकलो. अडत्याच्या मुनीमाशी बाजारभावाच्या गप्पा मारत मारत भान न राहून त्याच गल्लीत शिरलो. वास आला आणि पाय जागीच थांबले. मुनीम म्हणाला, "काय शेठ, दम लागला?" मी म्हणालो, "हो." जाड माणसाची ही एक सोय असते बघा. तोंड लाल झालं, कपाळावर घाम आला, तरी लोकांना वाटतं चालून आला बिचारा. लाजेनं असं होत असेल हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

ज्या हिवाळ्याची ही लाज, त्या हिवाळ्यात मी चोवीस वर्षांचा होतो. नाव मल्लिनाथ. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तसली गत. आमचं भुसार मालाचं दुकान, वर आमचं तेव्हाचं बिऱ्हाड, मागं वखार, वखारीच्या मागं भिंतीनं बंद केलेलं मोकळं अंगण. वडील लवकर गेले, दुकान थोरले काका बघत आणि मी गादीवर बसून असे. बसून असे म्हणजे खरंच बसून असे. सकाळी बसलो की दुपारी जेवायलाच उठायचो, आणि उठताना एक हात गादीवर, एक हात तिजोरीवर आणि तोंडानं "हर हर" असं सगळं लागायचं. घरी आईचे कानडी लाड चालूच. मी "साकु, साकु" म्हणजे पुरे, पुरे म्हणायचो आणि ताट पुढंच करायचो. लग्नाला वर्ष झालं होतं. शांता, माझी बायको, जिना चढताना माझ्या दोन पायऱ्या पुढं जाऊन थांबायची आणि मी वर पोचेपर्यंत पदराशी चाळा करत राहायची. ती कधी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

भाद्रपदात एकदा वखारीत जोंधळ्याची थप्पी सरकली. वरचं एक पोतं घसरून माझ्या मांडीवर बसलं. लागलं काहीच नाही, पण मला ते ढकलता येईना आणि उठताही येईना. उताण्या पडलेल्या कासवासारखे हातपाय हलवत मी ओरडत राहिलो. चार हमाल धावत आले. तिघांनी तोंडं फिरवली, त्यांचे खांदे हलत होते ते मला दिसलं. चौथ्यानं एका हातानं पोतं उचललं, दुसऱ्या हातानं मला बखोटीला धरून उभं केलं आणि बाकीच्यांना म्हणाला, "हसतासा काय रं? माणूस पडलंय हितं." तो मायाप्पा.

मायाप्पा धनगर. माण नदीकडचा. तिकडं पाऊस म्हणजे पाहुणाच, आला तर आला. म्हणून भावाला मेंढरांपाशी ठेवून हा सोलापुरात पोती उचलायला आलेला. पन्नाशीकडं झुकलेला, आडव्या हाडाचा, एका गुडघ्यात अधू. दोन्ही कान चुरगळलेले. कान असे का म्हणून मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "मातीनं खाल्लं, शेठ." मला वाटलं काही रोग असेल. तो तरुणपणी फडात नाव असलेला पैलवान होता, कानांचे ते गोळे कुस्तीनं झालेले होते, हे मला दुसऱ्या एका हमालाकडनं कळलं.

पोतं पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वखारीत कुणी नाही असं बघून मी त्याला गाठलं. म्हटलं, "मायाप्पा, मला तालीम शिकव. पण इथं. मागच्या अंगणात. कुणाला कळता कामा नये. तालमीत जायची मला लाज वाटते." त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत असं न्याहाळलं, जसं आम्ही विकत घ्यायचा बैल न्याहाळतो. "लाज कशाची? मातीला काय डोळं हायती व्हय?" म्हणाला. मग माझा दंड चाचपून, "बरं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. शिवरात्रीपातुर. पण माजं काय ते आदी ठरवा."

मी म्हटलं, सांग, महिन्याला काय देऊ? तर तो हसला. "पैसं नगं. हमाली घेतोय की तुमच्याकडनं. शेठ, माज्या वस्तादाच्या हाताखाली आमी दोगंच हुतो. एक पटकीत गेला. माजा गुडगा गेला. वस्ताद बी गेला. आता त्येचं नाव माज्यापाशी येऊन अडकलंय. मी मेलो की संपलं. तुमी कवाबी मातीत उतरलाव की पंच इचारणार, कुणाचा पठ्ठा? तितं माजं नाव सांगायचं. मग लोक इचारतील, मायाप्पा कुणाचा? म्हंजी त्येचं बी नाव निगंल. येवडंच द्या."

मला ते फारच स्वस्त वाटलं. व्यापाऱ्याचा मुलगा मी, मनात म्हटलं, सौदा बरा झाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा अंगणात मी लंगोट लावून, थंडीनं काकडत, स्वतःच्याच हमालापुढं उभा होतो. लंगोट कसा लावायचा हेसुद्धा त्यानंच दाखवलं होतं. दोन्ही हात कुठं ठेवावेत कळेना, कारण झाकायला जागा पुष्कळ आणि हात दोनच. नारळ फोडला, मारुतीच्या तसबिरीला गुलाल लावला. "आता वस्तादाच्या पाया पडायचं," मायाप्पा म्हणाला. मी आधी मागं बघितलं. वखारीचं दार लावलेलं होतं, भिंतीवर कुणी नव्हतं. मग वाकलो आणि चोरासारखा पटकन हात लावून उभा राहिलो. त्यानं ते बघितलं असणार. 

"घे कुदळ," म्हणाला. त्या क्षणी तो शेठवरून तूवर आला आणि मला, का कोण जाणे, बरं वाटलं. अंगणात दहा हात लांब-रुंद जागा आखलेली. ती उकरायची, ढेकळं फोडायची, परत उकरायची, पायाखाली लोण्यासारखी होईपर्यंत. काळ्या जमिनीवर लांबून आणलेली तांबडी माती पसरलेली होती. मी चार घाव घातले, हाताला फोड आले. मग मला माझ्या अकलेप्रमाणं एक तोडगा सुचला. दुसऱ्या दिवशी मी वखारीतल्या एका हमालाला गप्प राहायचे चार पैसे देऊन लवकर बोलावलं, त्याच्याकडून माती उकरून घेतली आणि झकास लंगोट लावून मायाप्पाची वाट बघत उभा राहिलो. तो आला. मऊशार माती बघितली. हमालाकडं बघितलं. कडेला दगडावर बसला आणि तंबाखू मळायला लागला.

मी म्हटलं, "चल की, शिकव."

"त्येला शिकिवतो," हमालाकडं बोट करून म्हणाला. "माती त्येनं उकरली, कुस्ती बी त्योच करंल. तू जा, गादीवर बस."

महिनाभर मी फक्त माती उकरली. शांता जिन्याच्या खिडकीतून बघायची. साऱ्या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं. काकांना मी सांगितलं होतं की सकाळी बाबूराव वस्तादांच्या तालमीत जातो. हे बाबूराव म्हणजे पेठेतल्या त्या मोठ्या तालमीचे, वजनदार माणूस, सणावाराला आमच्या दुकानातून त्यांच्याकडं गूळ-नारळ जायचे. काका खूश झाले. मातीत घालायचं ताक शांताच करून द्यायची. घागर भिंतीपाशी ठेवायची आणि म्हणायची, "मायाप्पा, ह्यांना जरा बडवा हो." तो म्हणायचा, "बडिवतोय की, अक्का. मांस लई हाय, आत आवाज जाईना झालाय."

आणि बडवायचाही. जोर काढताना पाठीचा कणा वाकला की पाठीवर चापट. बैठकीत टाच उचलली की पोटरीवर काठी. "आरं, पोट हालतंय, तू कुटं हालतूयास? खाली! आनखी खाली! जोंधळं न्हाईत मोजायचं हितं, दम मोज!" घामानं आणि मातीनं मी लाल व्हायचो. बाहेर धुकं. शेजारच्या आवारात कुणी तरी कडब्याची शेकोटी केलेली, तिचा धूर भिंतीवरून यायचा. गिरणीचा दुसरा भोंगा व्हायचा, चाळींतून माणसं लगबगीनं निघालेली ऐकू यायची, मराठी, कानडी, तेलुगू अशा सगळ्या भाषांत एकमेकांना हाका मारत. त्या आवाजात मी धापा टाकत पडलेला असायचो आणि मायाप्पा माझ्या पिंढऱ्या तेलानं रगडत असायचा. खरं तर पठ्ठ्यानं वस्तादाचे पाय रगडायचे असतात. मला ते माहीत नव्हतं असं मी म्हणू शकलो असतो, पण माहीत होतं.

मग आंघोळ, कपाळाला भस्म, पांढरं धोतर, कोट, आणि दुकान. घटकाभरानं तोच मायाप्पा पाठीवर पोतं घेऊन दारात उभा राहायचा. "शेठ, कुटं लावू?" मी खातेवहीतून मान वर न करता बोट दाखवायचो. एकदा त्याच्या हातून पोतं फाटलं, तूर रस्त्यावर सांडली. गिऱ्हाईक समोर होतं, काका बघत होते. मी ओरडलो, "डोळे फुटले काय रे?" त्यानं वाकून एकेक दाणा गोळा केला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पायाशी जाऊन काही तरी पुटपुटलो. तो म्हणाला, "वकारीतलं वकारीत, मातीतलं मातीत. चल, दंड काढ." मला तेव्हा फार सुटल्यासारखं वाटलं होतं. सोयीची गोष्ट ऐकली की माणसाला ती शहाणपणाची वाटते.

पौष लागेपर्यंत एक चमत्कार झाला. मी गादीवरून हात न टेकता उठलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी परत बसलो, परत उठलो. काका म्हणाले, "काय रे, मुंग्या चावल्या काय?" संध्याकाळी जिन्यावर शांता सवयीनं दोन पायऱ्या पुढं गेली, थांबली, तर मी तिच्या शेजारी. तिनं वळून बघितलं आणि इतकी गोड हसली की काय सांगू. त्या हसण्याचं देणं कुणाचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

मायाप्पानं मला डाव एकच शिकवला. एकेरी पट. खाली बसायचं, समोरच्याचा एक पाय दोन्ही हातांत घट्ट धरायचा, छातीशी ओढायचा. "येवडं कर. मग नुसता वर पड. तुजं वजन हाच तुजा दुसरा डाव. फुडचं देव बगंल."

संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, कुस्त्यांचा फड होता. सुरुवातीला रेवड्यांवरच्या नि नारळावरच्या कुस्त्या लागतात. मायाप्पा म्हणाला, "उतर." मी म्हटलं, लोक हसतील. "हसू देत. उतरल्याबिगर माती अंगाला लागत न्हाई." त्या दिवशी त्यानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, डोक्याला जुनंच मुंडासं, पण नीट पिळून बांधलेलं. सकाळपासून तो कमी बोलत होता. गर्दीतून जाताना पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात टाकून चालला. मी तो हात काढला नाही, पण पंचांचा मांडव दिसायला लागला तसा जरा भरभर चाललो, एवढं खरं.

माझी जोड कुंभारीकडच्या एका टांगेवाल्याशी लागली. माझ्याच वयाचा, काटक. आम्ही समोरासमोर आलो तेव्हा हलगीवाल्यानंसुद्धा हसून ठेका चुकवला. "पोतं आलं, पोतं!" असं कुणी तरी ओरडलं. मी खाली बसलो. पाय सापडला. त्यानं माझ्या मानेवर असे काही हात मारले की काजवे चमकले, पण मी पाय सोडला नाही. ओढला. आणि वर पडलो. माझ्याखाली तो बिचारा चितपट झाला, त्याचा श्वास कानाशी ऐकू आला. मग एकदम हलग्या, शिट्ट्या, पागोटी वर उडालेली. मला कुणी तरी उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता, पुढंही झाला नाही.

मला पंचांपुढं नेलं. मांडवात गाद्यांवर पेठेतले सगळे अडते बसलेले. ज्यांच्याशी रोज माझा सौदा. मधोमध आमचे काका, कौतुकानं फुगलेले. त्यांच्या शेजारी बाबूराव वस्ताद, जरीच्या फेट्यात. आमच्याकडची रीत अशी की पठ्ठ्यानं कुस्ती मारली की वस्तादाला फडात बोलावून त्याच्या डोक्याला फेटा बांधायचा. पंचांच्या हातात तो फेटा तयार होता. एका पंचानं हात वर करून लोकांना गप्प केलं आणि मोठ्यानं विचारलं, "कुणाचा पठ्ठा?"

मी वळून बघितलं. दोरीपलीकडं, पहिल्या रांगेत, मायाप्पा उभा होता. एका हातावर माझं धोतर आणि कोट, दुसऱ्या हातात माझे जोडे. त्यानं जोडे खाली ठेवले. धोतर-कोट शेजारच्याच्या हातात दिले. आणि मुंडाशाची गाठ सोडायला लागला, डोकं मोकळं करायला.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून मला सुटता येणार नाही. मी विचार केला होता. सगळ्या पेठेसमोर माझ्या हमालाला आत बोलवायचं, त्याच्या पायावर डोकं ठेवायचं, आणि उद्या हेच अडते मला भाव सांगताना गालातल्या गालात हसणार, काकांना माझं खोटं कळणार. एवढं सगळं मी मोजलं. विचार करायला जेवढा वेळ मिळाला तेवढा पुरला.

"बाबूराव वस्तादांचा," मी म्हणालो.

बाबूराव जरा दचकले. मग काकांकडं बघितलं, गूळ-नारळ आठवले असावेत, आणि मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आपलंच लेकरू." आयत्या बिळावर नागोबा. फेटा त्यांच्या जरीच्या फेट्यावरच बांधला गेला. मी त्यांच्या पाया पडलो. त्या वेळी मागं बघितलं नाही, इकडंतिकडं बघितलं नाही, चांगला सावकाश वाकलो.

बाहेर आलो तेव्हा मायाप्पाचं मुंडासं परत डोक्यावर होतं. त्यानं कोट पुढं केला. "अंग पुसा, शेठ," म्हणाला. "वारं लागंल."

संध्याकाळी शांतानं ओवाळलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मायाप्पांना कुठल्या रंगाचा फेटा बांधला?" मी म्हणालो, "केशरी." ती म्हणाली, "खुलला असेल त्यांना." मी जेवायला बसलो आणि जेवलो. व्यवस्थित जेवलो. हे सगळ्यात वाईट.

मला वाटलं होतं, तो येणार नाही. निदान तशी आशा होती. पण दुसऱ्या दिवशी भोंग्याबरोबर दार वाजलं. शांता ताकाची घागर घेऊन खाली आलेली होती. त्याच्या डोक्यावर तेच जुनं मुंडासं बघून ती म्हणाली, "हे काय, नवा फेटा नाही बांधलात?"  मायाप्पानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. फक्त एकदा. "जपून ठिवलाय, अक्का," म्हणाला. "पोती उचलायची ही डोकी. मळंल त्यो."

त्या दिवसापासून शिवरात्रीपर्यंत तो रोज आला. बोलल्याप्रमाणं. माती उकरायला उभा राहायचा, जोर मोजायचा, पण एक चापट नाही, एक शिवी नाही. "करा, शेठ." "बरं हाय, शेठ." मी मुद्दाम पाठ वाकवून जोर काढले. मुद्दाम टाच उचलली. बैठका अर्ध्यात सोडून आडवा पडलो. म्हटलं, आता तरी काठी बसेल. "दमलाव जनू. बसा जरा," तो म्हणाला. मी रोज रात्री अंथरुणात एक वाक्य पाठ करायचो, "मायाप्पा, माझं चुकलं." तीन शब्द. सकाळी अंगणात उभा राहिलो की वाटायचं, आज नको, उद्या. तो जरा मोकळा दिसला की बोलू. लाजेच्या पंचांगात 'उद्या' कधी संपत नाहीत.

शिवरात्रीला त्यानं हमाली सोडली. मेंढरं वाढली, भाऊ एकटा पडतो, म्हणाला. मी कापडाच्या दुकानातून आणलेली धोतरजोडी आणि एक फेटा, चांगला भारीपैकी, कागदात बांधून वखारीत त्याच्यापुढं ठेवला. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी तेवढी काळजी तेव्हाही घेतली होती. त्यानं कागद सोडला. धोतरजोडी काखेत मारली. फेटा हातात घेऊन कापड बोटांनी चाचपलं आणि परत पुड्यात ठेवून माझ्याकडं सारला. "कापड झ्याक हाय. पन फेटा मातीत बांधत्यात, शेठ. वकारीत न्हाई." एवढंच. रागानं बोलला असता तर मी त्याच्याशी भांडू तरी शकलो असतो.

शांताला पुढं कधी तरी कळलं. पेठेत काय लपतं? तिनं माझ्याशी अबोला धरला नाही, रडली नाही. ताट वाढताना एकदाच म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो." आणि भाकरी वाढली. अंगणातल्या मातीवर मी पुढं कधी उभा राहिलो नाही. पावसाळ्यात ती वाहून गेली, काळी जमीन वर आली, तिथं आता कडबा रचतात. माझं शरीर दोन वर्षांत पूर्वपदावर आलं. मला वाटतं, ते माझ्यापेक्षा प्रामाणिक होतं. जे आपलं नव्हतं ते त्यानं परत केलं.

त्या शिवरात्रीनंतर तीन वर्षांनी माघात मी माण नदीकडं जोंधळा खरेदीला गेलो. खरेदी निमित्त. त्या बाजूचा जोंधळा आम्ही कधी घेत नव्हतो. गाडीत बसल्यापासून मी तोंडातल्या तोंडात वाक्य घोळवत होतो. गाव विचारत विचारत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मेंढरं माळावरून परत आलेली, वाघर, म्हणजे दोरीच्या जाळ्याचं कुंपण, लावून त्यात कोंडलेली. मायाप्पा गुडघा लांब करून एका कोकराचा खूर बघत होता. दाढी पांढरी झालेली. मला बघून उठला, म्हणजे धडपडत उठला, आणि त्याला आधार द्यायला मी हात पुढं करेपर्यंत उभाही राहिला. "या शेठ, या. लई लांब आलाव." घोंगडं झटकून अंथरलं आणि परत कोकराचा खूर धरून बसला. भावजयीनं ताक आणलं. भाऊ आला, शेजारचे दोघं आले. सोलापूरचा माणूस आला म्हणजे तिथं बघायला चार जण जमणारच.

भावानं विचारलं, "पावणं कोण म्हनायचं?"

मी ताकाचा तांब्या खाली ठेवला. छातीत हलग्या वाजत होत्या. इथं काका नव्हते, अडते नव्हते, चार धनगर आणि मेंढरं. मी उभा राहिलो, हात जोडले आणि चांगलं मोठ्यानं म्हणालो, "मी मल्लिनाथ. मायाप्पा वस्तादांचा पठ्ठा."

सगळ्यांनी मायाप्पाकडं बघितलं. त्यानं कोकराचा खूर सोडला, हात धोतराला पुसला.

"शेठ लई मस्करी करत्यात," तो भावाला म्हणाला. "आरं, मी ह्यांच्या वकारीत पोती उचलत हुतो."

भावानं माझ्या पोटाकडं बघितलं आणि त्याला हसू फुटलं. मग शेजारचे दोघं हसले, भावजय तोंडाला पदर लावून हसली, मायाप्पाही हसला. आणि त्यांच्याबरोबर मीही हसलो, जरा मोठ्यानंच.